हवा गेली की गाडी थांबते

पुण्याहून मुंबईकडे निघालेली गाडी खंडाळा सोडून घाट उतरू लागली की मंकी हिलला आणि पुढे ठाकूरवाडीला थांबते. तिथे कुणी चढायचे नसते, कुणी उतरायचे नसते. मुख्य मार्गातून फुटलेला एक फाटा तिथे डोंगराच्या अंगाने चढत जातो आणि संपतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. सांधा एरवी या फाट्याकडेच लागलेला असतो. उतरणाऱ्या ड्रायव्हरने गाडी आधी पूर्ण थांबवून दाखवायची, मगच सांधा फिरतो आणि सरळ वाट मोकळी होते. गाडी थांबली नाही तर ती चढाच्या फाट्यावर जाते आणि तिचा वेग तिथे जिरतो. ही रचना करणाऱ्यांनी गाडी ताब्यात असेल असे धरून चालायला साफ नकार दिला आहे. ताब्यात आहे हे गाडीनेच दरवेळी सिद्ध करायचे, आणि सिद्ध झाले नाही तर ती सुटली आहे असे समजूनच पुढची व्यवस्था लागलेली. रेल्वेच्या ब्रेकचा दीडशे वर्षांचा इतिहास याच विचाराभोवती फिरतो, असे माझे म्हणणे आहे. दाबलेली हवा, निर्वात नळी, झडपा आणि दट्टे ही त्या विचाराची साधने. आणि हा विचार हाती आल्यावरही जिथे तो अंगाला तोशीस लावणार होता तिथे तो आपखुशीने क्वचितच स्वीकारला गेला. कुठे कायद्याने भाग पाडले, कुठे मालाच्या टनांनी.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हा वाट जवळजवळ सपाट होती. खरी परीक्षा दहा वर्षांनी आली. जेम्स बर्कले यांच्या आखणीनुसार बांधलेला खंडाळ्याच्या याच बोर घाटाचा मार्ग 1863 मध्ये खुला झाला. साधारण पंधरा मैलांत अठराशे फुटांहून जास्त चढ, पंचवीस बोगदे, आणि काही ठिकाणी 37 फुटांमागे एक फूट अशी चढण. डोंगराने जागाच दिली नाही म्हणून मध्ये एक रिव्हर्सिंग स्टेशन करावे लागले, जिथे गाडी उलट्या दिशेने निघे. ते 1929 पर्यंत वापरात होते. असा घाट चढणे हा इंजिनाच्या ताकदीचा प्रश्न असतो, आणि ताकद कमी पडली तर फार तर गाडी अडते. उतरणे वेगळे. उतारावर गाडीला ओढणारे इंजिन नको असते, धरून ठेवणारे काहीतरी हवे असते, आणि त्या काळी ते काहीतरी म्हणजे माणसाचे हात होते. इंजिनावर एक ब्रेक, गार्डाच्या डब्यात एक, आणि मध्ये एखाददुसऱ्या डब्यावर. ड्रायव्हरने ठरावीक शिट्टी द्यायची, ती मागच्या माणसांनी ऐकायची, आणि मग चाक फिरवून लाकडी किंवा लोखंडी ठोकळा चाकावर आवळायचा. वेग दुप्पट झाला की गाडीत साठलेली ऊर्जा चौपट होते. त्यामुळे शिट्टी आणि हात यांच्यामध्ये गेलेले चार क्षण उतारावर फार महाग पडत. या जुन्या पद्धतीत एक गृहीतक दडलेले होते: सारे ठीक आहे असे धरून गाडी धावणार, आणि बिघाड झाला तर कुणीतरी तो ओळखून, दुसऱ्याला कळवून, त्याच्याकडून कृती करवून घेणार. या साखळीतली एक कडी तुटली तरी गाडी धावतच राहते.

या पद्धतीची सर्वांत क्रूर किंमत अमेरिकेत मोजली गेली. तिथल्या मालगाड्यांवर ब्रेकमन नावाचा कामगार असे. ब्रेकचे चाक प्रत्येक वाघिणीच्या टपावर. शिट्टी झाली की त्याने टपावरून पळत जाऊन एकेक चाक आवळायचे, मग पुढच्या वाघिणीवर उडी मारायची. पाऊस असो, बर्फ असो, रात्र असो. डबे जोडण्याचे कामही त्याच्याच गळ्यात. कडी आणि खिळ्याच्या त्या जुन्या जोडणीत बोटे आणि हात जाणे इतके नित्याचे होते की तुटकी बोटे हीच अनुभवी ब्रेकमनची ओळख समजली जाई. 1880 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत वर्षाला सुमारे दोन हजार रेल्वे कामगार कामावर मरत आणि वीस हजारांच्या घरात जखमी होत. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी 1889 मध्ये काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात या कामगारांचा धोका युद्धातल्या सैनिकाच्या धोक्याशी तोलला आणि ही सुसंस्कृत म्हणवणाऱ्या देशाला लाज आणणारी गोष्ट आहे असे म्हटले. ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की तोवर उपाय सापडून वीस वर्षे होत आली होती.

तो उपाय शोधणाऱ्या जॉर्ज वेस्टिंगहाउसचे वय 1869 मध्ये अवघे बावीस होते. आल्प्समधल्या माँ सनी बोगद्यात दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या यंत्रांनी खडक फोडला जात असल्याचे वाचून त्याला कल्पना सुचली, असे सांगितले जाते. हवा लांबवर नळीतून नेता येत असेल, तर ती गाडीच्या शेवटच्या डब्यापर्यंतही नेता येईल. त्याने इंजिनावर वाफेने चालणारा पंप आणि हवेची टाकी बसवली. ड्रायव्हरने झडप उघडली की हवा नळीतून प्रत्येक डब्याखालच्या सिलिंडरमध्ये जाई आणि दट्ट्या ठोकळे चाकांवर दाबी. एका माणसाच्या हातात सबंध गाडी आली, ही मोठीच झेप होती. तरीही तिच्यात जुने गृहीतक शाबूत होते. ब्रेक लागायला हवा हवी. नळी फाटली, डबे सुटले, पंप बंद पडला, तर ज्या क्षणी ब्रेकची खरी गरज त्याच क्षणी तो नाहीसा होई.

1872 मध्ये वेस्टिंगहाउसने हे सारे उलटे केले, आणि खरा शोध हा आहे. आता प्रत्येक डब्याखाली स्वतःची छोटी टाकी आली आणि तिच्याशेजारी ट्रिपल व्हॉल्व्ह नावाची एक झडप. गाडी निघण्यापूर्वी इंजिनाकडून येणारी हवा नळीभर दाबून भरायची. त्याच हवेने प्रत्येक डब्याची टाकीही भरते. नळीतला दाब कायम आहे तोवर झडप ब्रेक मोकळे ठेवते. दाब उतरला की झडप सरकते आणि टाकीतली हवा सिलिंडरमध्ये जाऊन ब्रेक लागतात. दाब पुन्हा चढवला की ब्रेक सुटतात आणि टाकी पुन्हा भरते. ड्रायव्हरने दाब उतरवला, गार्डाने उतरवला, प्रवाशाने साखळी ओढली किंवा कपलिंग तुटून नळीच फाटली, झडपेला सगळे सारखेच. नळीतली हवा आता ताकद वाहत नव्हती, निरोप वाहत होती. सारे ठीक आहे हा निरोप अखंड येत राहिला तरच गाडीला चालण्याची मुभा. तो कोणत्याही कारणाने तुटला की गाडी थांबणार, कारण कळो वा न कळो. पुराव्याचा भार धोक्याच्या अंगावरून निघून सुरक्षिततेच्या अंगावर आला.

म्हणूनच हवेचा ब्रेक श्रेष्ठ की व्हॅक्यूमचा, हा त्या काळी गाजलेला वाद मला मूळ प्रश्नाच्या कडेचा वाटतो. व्हॅक्यूम ब्रेकमध्ये इंजिन नळीतली हवा शोषून काढते आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब दट्ट्याला ढकलतो. त्याचेही दोन प्रकार होते. साध्या व्हॅक्यूम ब्रेकमध्ये हवा शोषली की ब्रेक लागत. नळी फाटली की संपले. स्वयंचलित व्हॅक्यूममध्ये नळी नेहमी निर्वात ठेवली जाई आणि हवा आत शिरली की ब्रेक लागत. म्हणजे खरी सीमारेषा हवा आणि व्हॅक्यूम यांच्यामध्ये नव्हती. वेस्टिंगहाउसचा 1869 चा ब्रेक आणि साधा व्हॅक्यूम तिच्या एका बाजूला. त्याचाच 1872 चा ब्रेक आणि स्वयंचलित व्हॅक्यूम दुसऱ्या बाजूला.

ही रेषा ब्रिटनमध्ये कुणाला दिसत नव्हती असे नाही. 1875 मध्ये नेवार्कजवळ निरनिराळ्या ब्रेकच्या जाहीर चाचण्या झाल्या. 1877 मध्ये बोर्ड ऑफ ट्रेड या सरकारी खात्याने कंपन्यांना परिपत्रक पाठवून चांगल्या ब्रेकच्या अटी कळवल्या, आणि अपघात झाल्यास ब्रेक आपोआप लागला पाहिजे ही त्यांतली एक होती. 1878 पासून कोणत्या कंपनीने किती डब्यांना कोणता ब्रेक लावला याचे तक्ते कायद्याने मागवले जाऊ लागले. पण सक्ती नव्हती. विरोध करणाऱ्या व्यवस्थापकांचे म्हणणे थोडक्यात असे: स्वयंचलित ब्रेक गुंतागुंतीचा आहे, जरा कुठे गळती झाली की गाडी विनाकारण अडते, उशीर होतो, आणि शिवाय ब्रेकवर विसंबून ड्रायव्हर बेफिकीर होतात. यातले पहिले दोन मुद्दे खरे होते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. जी यंत्रणा शंकेच्या प्रत्येक क्षणी थांबते ती कधीमधी विनाकारणही थांबणारच. पण विनाकारण थांबलेल्या गाडीची किंमत मिनिटांत असते, आणि न थांबलेल्या गाडीची वेगळ्याच नाण्यात. शिवाय वारंवार होणारी खोटी थांबणी गळती उघड करतात आणि दुरुस्ती भाग पाडतात. साध्या ब्रेकमधली गळती मात्र अपघाताच्या दिवसापर्यंत निमूट पडून राहते. ज्याला हे व्यवस्थापक दोष म्हणत होते ते त्या यंत्राचे प्रामाणिकपण होते.

मँचेस्टर, शेफील्ड अँड लिंकनशायर रेल्वेने ही किंमत दोनदा मोजली, म्हणजे तिच्या प्रवाशांनी मोजली. 1884 मध्ये पेनिस्टनजवळ इंजिनाचा आस तुटला, गाडीचे दोन भाग झाले, साध्या व्हॅक्यूमची नळी तुटताच मागच्या डब्यांवरचे ब्रेक नाहीसे झाले आणि 24 माणसे गेली. कंपनीने पद्धत बदलली नाही. 1887 मध्ये हेक्सथॉर्पला तिची गाडी उभ्या गाडीवर मागून आदळली, 25 जण मेले. त्यानंतर मनुष्यवधाच्या आरोपाखाली पिंजऱ्यात उभे केले गेले ते ड्रायव्हर आणि फायरमन. ज्युरीने त्यांना निर्दोष सोडले, आणि कमकुवत ब्रेकचा प्रश्न त्या खटल्यात उघडपणे पुढे आला. ब्रेकच्या इतिहासातला हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. जिथे यंत्रणा धोका ओळखण्याची जबाबदारी माणसावर टाकते, तिथे चुकल्याचे पापही त्याच माणसाच्या माथी येते. नळी कोणत्या जातीची घ्यायची हे ज्यांनी ठरवले ते न्यायालयात नसतात.

12 जून 1889 रोजी आयर्लंडमधल्या आर्माहून वॉरनपॉइंटला रविवारच्या शाळेची सहल निघाली. गाडी मुलांनी आणि त्यांच्या घरच्यांनी भरलेली, सुमारे नऊशे माणसे. 75 फुटांमागे एक फूट अशा चढावर, माथा जवळ आला असताना, इंजिनाला ओढवेना. गाडी दोन भागांत तोडून पुढचा भाग आधी वर न्यायचे ठरले. ब्रेक साधा व्हॅक्यूम. जोडणी सोडताच मागच्या दहा डब्यांवरचा ब्रेक गेला. त्यांना धरून ठेवायला उरला गार्डाच्या डब्यातला हातब्रेक आणि चाकांमागे ठेवलेले दगड. पुढचा भाग हलताना किंचित मागे आला, धक्का बसला, दगड चुरडले गेले आणि दहा डबे उतारावरून मागे धावू लागले. मागून दुसरी गाडी येत होती. सुमारे 80 जण ठार झाले. स्वयंचलित ब्रेक असता तर जोडणी सोडताच ते दहा डबे जागच्या जागी जखडले असते. तीन महिन्यांच्या आत, 30 ऑगस्ट 1889 रोजी, प्रवासी गाड्यांवर स्वयंचलित ब्रेक बंधनकारक करणारा कायदा ब्रिटिश संसदेत मंजूर होऊन अमलात आला. बारा वर्षे परिपत्रकांना जे साधले नव्हते ते त्या मुलांच्या शवपेट्यांनी साधले.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. कंपन्यांना निर्दय ठरवणे सोपे आहे, पण सलग ब्रेक ही एकट्याने घेण्याची वस्तूच नाही. गाडीतल्या एका वाघिणीला नळी नसेल तर तिच्या मागच्या सगळ्या वाघिणी ब्रेकविना राहतात. मालाच्या वाघिणी तर एका कंपनीच्या मार्गावरून दुसरीच्या मार्गावर फिरतात, आणि ब्रिटनमध्ये हजारो वाघिणी खाणमालकांच्या खासगी मालकीच्या होत्या. एकाने खर्च करायचा आणि शेजाऱ्याने केला नाही तर तो वाया जायचा. मग पहिला खर्च कोण करील? आक्षेप खरा आहे, आणि त्यामुळेच ब्रिटनच्या कोळशाच्या गाड्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही बिनब्रेकच्या वाघिणी घेऊन धावत होत्या. उताराच्या माथ्यावर गाडी थांबवून, काठीने एकेका वाघिणीचा हातब्रेक खाली दाबून मग उतरायचे, ही रीत कितीतरी दशके टिकली. पण हा आक्षेप माझे म्हणणे खोडत नाही, उलट पक्के करतो. जे एकेकट्याला परवडत नाही आणि सगळ्यांनी मिळून केले तर परवडते, तेच सक्तीने करवून घेण्यासाठी कायदा असतो.

अमेरिकेत हेच घडले. लॉरेन्झो कॉफिन नावाचा आयोवातला शेतकरी, पुढे त्या राज्याचा रेल्वे आयुक्त, ब्रेकमनांसाठी वर्षानुवर्षे दारोदार फिरला. सभा, पत्रे, वृत्तपत्रे, काही सोडले नाही. 1886 आणि 1887 मध्ये बर्लिंग्टन इथे पन्नास वाघिणींच्या लांब मालगाड्यांवर ब्रेकच्या चाचण्या झाल्या, आणि तिथे वेस्टिंगहाउसची झडपही नापास झाली. निरोप शेवटच्या वाघिणीपर्यंत पोहोचेतो पुढच्या वाघिणी थांबत आल्या होत्या, मागच्या वाघिणी त्यांच्यावर येऊन आदळत. मग वेस्टिंगहाउसने झडपच सुधारली. प्रत्येक वाघिणीतली झडप आपल्याजवळची नळीतली हवा स्वतःही बाहेर सोडू लागली, त्यामुळे दाब उतरल्याची खबर वाघिणीमागून वाघीण झपाट्याने पुढे जाऊ लागली. तंत्राचा शेवटचा अडसर 1887 मध्येच दूर झाला. कायदा आला 2 मार्च 1893 ला. ब्रेकमनला टपावर न चढवता ड्रायव्हरला गाडी आवरता येईल इतक्या वाघिणींना ब्रेक हवा, असे त्याने सांगितले. मुदत 1898 ची होती, ती कंपन्यांनी 1900 पर्यंत वाढवून घेतली, आणि 1903 मध्ये निम्म्या वाघिणींची किमान मर्यादा घालावी लागली. मध्यंतरीच्या वर्षांत जे ब्रेकमन टपावरून पडले ते अज्ञानाचे बळी नव्हते.

भारताची गोष्ट निराळी आहे आणि तिच्यात खलनायक शोधू नये. ब्रिटिश वहिवाटीबरोबर इथे स्वयंचलित व्हॅक्यूम ब्रेक आला आणि शंभर वर्षांच्या आसपास टिकला. तो मागासलेपणाने टिकला असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. तत्त्व तेच होते. साखळी ओढली की नळीत हवा शिरून गाडी थांबे. वाफेच्या इंजिनाला तो सोयीचाही होता. इजेक्टर नावाच्या साध्या उपकरणातून वाफेचा झोत सोडला की तो नळीतली हवा ओढून नेई. त्यात हलणारा एकही भाग नाही, मोडण्यासारखे काही नाही. व्हॅक्यूमची मर्यादा निसर्गाची होती. वातावरणाचा दाब पाऱ्याच्या 76 सेंटिमीटरइतका, प्रत्यक्षात नळीत पन्नासेक सेंटिमीटरची पोकळी राही. म्हणजे दट्ट्यावर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोहूनही थोडा कमीच दाब. हवेच्या ब्रेकच्या नळीत 5 किलो असतो आणि सिलिंडरमध्ये 3.8 किलोपर्यंत पोहोचतो. कमी दाबातून पुरेशी ताकद काढायची तर सिलिंडर अवाढव्य हवेत, आणि लांब गाडीच्या शेपटापर्यंत पोकळी टिकवणे कठीण. डिझेल आणि विजेची इंजिने आली तशी व्हॅक्यूमची मोठी सोयच गेली. पोकळीसाठी आता वेगळे एक्झॉस्टर बसवावे लागत. 1980 च्या दशकात बॉक्सएन वाघिणी हवेच्या ब्रेकसह रुळांवर आल्या, आणि 58 वाघिणींची, सुमारे 4,700 टनांची कोळशाची गाडी एका ड्रायव्हरच्या हाती देणे शक्य झाले. प्रवासी डबे त्यानंतर हळूहळू बदलत गेले. वीजनिर्मिती केंद्रांना कोळसा हवा होता आणि हवेचा ब्रेक त्याच्यामागून आला. स्वयंचलितपणाचे तत्त्व एकदा रुजल्यावर कोणते माध्यम घ्यायचे हा हिशेबाचाच प्रश्न उरतो, आणि हिशेबाने सुटला यात गैर काही नाही.

बोर घाटापुरते बोलायचे तर इथे तिसरे माध्यमही आले. 1929 मध्ये कल्याण–पुणे मार्गावर वीज आली. त्या काळी मालगाड्यांसाठी आणलेली लांब नाकाची विजेची इंजिने, ज्यांना रेल्वेची माणसे खेकडा म्हणत, उतारावर मोटारींचा जनित्रासारखा उपयोग करून गाडी आवरत आणि वीज तारेत परत देत. ठोकळे आणि चाके तापून निकामी होण्याचा घाटातला जुना धोका त्याने कमी केला. तरी असा ब्रेक एकटा कधीच पुरेसा मानला गेला नाही, कारण वीज किंवा मोटार गेली की तो जातो. 1869 च्या नळीचाच दोष त्यात आहे. म्हणून त्याच्या पाठीशी स्वयंचलित ब्रेक कायम राहिला.

उरतो तो जुन्या व्यवस्थापकांचा तिसरा मुद्दा: यंत्रावर विसंबून माणूस बेफिकीर होतो. त्याला बळ देणारे दोन अपघात आहेत आणि ते टाळून हा इतिहास सांगता येणार नाही. 27 जून 1988 रोजी पॅरिसकडे येणाऱ्या एका लोकलमध्ये प्रवाशाने साखळी ओढली. ब्रेक पूर्ववत करताना ड्रायव्हरकडून चुकून मुख्य नळीचा कॉक बंद झाला. मागच्या डब्यांत दाब पोहोचेना, म्हणून ते जखडून राहिले. यंत्रणा बरोबर तेच सांगत होती जे सांगण्यासाठी ती बनवली होती. ड्रायव्हर आणि गार्ड यांनी मात्र हवा कुठेतरी अडकली आहे असे समजून डब्याडब्यातली हवा सोडून ब्रेक मोकळे केले. जवळजवळ बिनब्रेकची गाडी गार द लिओं स्थानकात उभ्या लोकलवर आदळली आणि 56 जण गेले. दुसरा अपघात कॅनडातल्या लाक-मेगांतिकचा, 6 जुलै 2013 चा. कच्च्या तेलाच्या 72 टाक्यांची गाडी उतारावर उभी करून एकटा ड्रायव्हर विश्रांतीला गेला. आवळलेले हातब्रेक होते सात. बाकी भिस्त इंजिनाच्या स्वतंत्र ब्रेकवर, ज्यात हवा असेल तोवरच पकड असते. इंजिनाला आग लागली, ती विझवताना इंजिन बंद केले गेले, हवा हळूहळू गळली आणि गाडी गावात घुसली. 47 माणसे मेली.

पण दोन्ही ठिकाणी काय घडले ते बारकाईने पाहावे. पॅरिसमध्ये थांब म्हणणारी यंत्रणा हाताने गप्प केली गेली. कॅनडात टाक्यांवरचा स्वयंचलित ब्रेक लावलेलाच नव्हता. विसंबले गेले ते वेस्टिंगहाउसने 1872 मध्ये मागे टाकलेल्या थेट पद्धतीवर. माणूस यंत्रावर फार विसंबला, असे म्हणण्यापेक्षा पुरावा मागण्याची शिस्त सोडली गेली असे म्हणणे खरे आहे. भारतात गाडी सुटण्यापूर्वी गार्ड आपल्या डब्यातून दाब उतरवून पाहतो आणि ड्रायव्हर आपल्या गेजवर काटा पडतो की नाही हे पाहतो. नळी टोकापासून टोकापर्यंत अखंड आहे याची ती खूण. ब्रेक पॉवर सर्टिफिकेटाशिवाय गाडी हलत नाही. हे सोपस्कार वेळखाऊ वाटतात, पण झडप स्वतः जे सिद्ध करू शकत नाही ते त्यांनी सिद्ध होते. आणि इथेही हेक्सथॉर्पची आठवण होते: लाक-मेगांतिकच्या खटल्यात तीन कर्मचारी उभे राहिले आणि जानेवारी 2018 मध्ये ज्युरीने तिघांनाही निर्दोष सोडले.

महाराष्ट्रात हातब्रेकचे जुने जग एका ठिकाणी फार उशिरापर्यंत जिवंत होते. नेरळ–माथेरानची छोटी गाडी 1907 मध्ये सुरू झाली. दोन फुटी मार्ग, 20 फुटांमागे एक फूट असा चढ, आणि डब्यांवर बसलेले ब्रेकमन. उतरताना ड्रायव्हरच्या शिट्टीच्या खुणेवर ते ब्रेक आवळत आणि सोडत. या माणसांच्या कसबाला तोड नाही. वळणांचा तो घाट शंभर वर्षे त्यांच्या मनगटांवर उतरला. गाडी लहान, वेग कमी, म्हणून हे चालून गेले, आणि वारसा म्हणून ते जपावे असे म्हणणारेही असतील. मला ते पटत नाही. वारसा इंजिनाचा, वळणांचा, मार्गाचा जपावा. प्रवाशाचा जीव शिट्टी ऐकू येण्यावर टांगून ठेवण्याचा नव्हे. मे 2016 मध्ये लागोपाठ दोनदा डबे घसरले, गाडी बंद झाली, आणि 2017 च्या ऑक्टोबरअखेरीस ती पुन्हा धावू लागली तेव्हा डब्यांना हवेचा ब्रेक बसवलेला होता. ट्रिपल व्हॉल्व्हचा शोध लागून तोवर 145 वर्षे झाली होती.